अळ्या पोसणारे शास्त्रज्ञ

शत्रूला घरी आणावे, त्याला उबदार खोली द्यावी, गव्हाचे अंकुर, साखर आणि जीवनसत्त्वे घालून त्याच्यासाठी खास खाद्य शिजवावे, त्याची मुलेबाळे वाढवावीत आणि मग ती सारी फौज स्वतःच्या हाताने आपल्याच शेतात सोडून द्यावी! असे कुणी करू लागला तर घरची माणसे त्याला वैद्याकडे नेतील. पण मक्याचे कीडरोधी वाण शोधणारे शास्त्रज्ञ गेली कित्येक वर्षे नेमके हेच करीत आले आहेत. आणि त्याबद्दल त्यांना पगारही मिळतो.

आपला शहरी माणसांचा मक्याशी संबंध पावसाळ्यातल्या भाजक्या कणसापुरता, फार तर चिवड्यापुरता. पण कोंबड्यांच्या खाद्यात मोठा वाटा मक्याचा असतो, तेव्हा सकाळच्या आमलेटातही मका आहेच. म्हणून २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्गा येथे मक्यावर एक नवी अळी सापडली, ही बातमी आपल्याही घरची होती. अमेरिका खंडातली ही लष्करी अळी २०१६ साली आफ्रिकेत उतरली होती. तिथून ती आपल्याकडे आली आणि २०१९ च्या खरिपात महाराष्ट्रातला मका उत्पादक शेतकरी तिच्यापुढे हवालदिल झाला.

मक्याची कोवळी पाने शेंड्याशी सुरळीसारखी गुंडाळलेली असतात. तिला शेतकरी पोंगा म्हणतात. ही अळी पोंग्यात शिरते आणि वर आपल्याच विष्ठेचे बूच बसवून आत निवांत जेवत राहते. वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचणे कठीण. पुढे मका पुरुषभर उंच झाला म्हणजे फवारा डोक्यावर धरावा लागतो आणि त्याचा तुषार फवारणाऱ्याच्याच तोंडावर येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. फवारणी जितकी कमी करता येईल तितकी माणसे वाचतात, असा हा साधा हिशेब आहे.

मग झाडानेच आपले रक्षण केले तर?

झाड ते करीत असतेच. १९१७ साली अमेरिकेत बॉस्टनजवळ युरोपातला एक खोडकिडा सापडला आणि पुढे तो तिथल्या मक्याच्या मुलुखात पसरला. तेव्हा असे दिसले, की काही मक्यांची कोवळी रोपे त्याला पचतच नाहीत. त्याचे कारण १९५० ते ७० च्या दरम्यान हळूहळू उलगडले. त्या द्रव्याला संशोधक डिंबोआ म्हणतात. नाव एखाद्या आफ्रिकन गावासारखे असले, तरी गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातली आहे. अख्खा कांदा डोळ्यांना झोंबत नाही. विळीवर धरला की झोंबतो, कारण कापताना आतले वेगवेगळ्या कप्प्यांतले पदार्थ एकत्र येतात. मक्याचेही तसेच. त्याचे विष साखरेला बांधून एका कप्प्यात ठेवलेले असते आणि ते सोडवणारा पदार्थ दुसऱ्या कप्प्यात. अळीने पान चावले की दोन्ही एकत्र येतात आणि विष मोकळे होते. उणीव एवढीच, की मका वाढत जातो तसे हे द्रव्य कमी होत जाते. म्हणजे पहिल्या पिढीच्या अळ्यांचा बंदोबस्त होतो आणि तुरा आल्यावर येणाऱ्या दुसऱ्या पिढीसाठी वेगळे गुण शोधावे लागतात.

हे गुण कोणत्या मक्यात आहेत, हे ओळखायचे कसे? शेतात कीड येईल तेव्हा पाहू, असे म्हणून चालत नाही. एखाद्या वर्षी ती येतच नाही. आली तरी पतंग एका झाडावर अंडी घालतो आणि शेजारचे झाड सोडून देतो. ते सुटलेले झाड आपल्याला उगाच शूर वाटते! म्हणून सर्वांना सारखीच अळ्यांची परीक्षा द्यावी लागते. मेक्सिकोत १९६६ साली स्थापन झालेल्या ‘सिमिट’ ह्या मका आणि गव्हाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने त्यासाठी अळ्यांचा कारखानाच उभारला. लष्करी अळ्या मोठ्या झाल्या की एकमेकींना खातात. सबब प्रत्येकीला निराळी वाटी! नुकत्याच जन्मलेल्या अळ्या मक्याच्या कणसाच्या भुशात मिसळून, ‘बझूका’ असे लढाऊ नाव असलेल्या हातातल्या उपकरणाने त्या प्रत्येक पोंग्यात सारख्या मापाने टाकतात. काही दिवसांनी पाने पाहून एक ते नऊ गुण देतात. नऊ म्हणजे पुरता फडशा. जिथे कमी गुण मिळवणाराच हुशार, अशी परीक्षा आमच्या महाविद्यालयात सुरू झाली, तर कित्येक विद्यार्थ्यांचे भाग्य उजळेल.

अशा परीक्षांतून चांगले निघालेले काही मके कॅरिबियन समुद्रातल्या अँटिग्वा बेटावरचे होते. ज्या बेटाने क्रिकेटला व्हिव्ह रिचर्ड्स दिला, त्यानेच मक्यालाही झुंजार रक्त दिले म्हणायचे! तिथल्या रक्तातून अमेरिकेत मिसिसिपी राज्यात एक वाण तयार झाला. त्याचे पान अळीने कुरतडले की तासाभरात त्या जागी एक प्रथिन गोळा होऊ लागते आणि ते पोटात गेले की अळीच्या आतड्याच्या अस्तराला भोके पडतात. अळी मरतेच असे नाही. पण खुरटते, आणि खुरटलेली अळी पक्ष्यांना आणि मित्रकीटकांना आयतीच सापडते.

मात्र असा मका सहसा कणसाला उणा भरतो. हे गुण अनेक जनुकांत थोडे थोडे वाटलेले असल्यामुळे ते भरघोस वाणात आणायला संकरामागून संकर करीत वर्षे घालवावी लागतात. जिवाणूचे एकच जनुक घालून केलेला बीटी मका १९९६ पासून अमेरिकेत पेरला जाऊ लागला. तो मार्ग झटपट खरा. पण पोर्टो रिको बेटावर लष्करी अळीने तशा एका मक्यावर तीन-चार वर्षांतच मात केली. एकच कुलूप असले की चोराला एकच किल्ली पुरते. मला स्वतःला अनेक लहान कुलपांचा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो.

ह्यात सर्वांत चटका लावणारी हकीकत मुळांची आहे. मुळे खाणारा किडा लागला की काही मके जमिनीत एक गंधद्रव्य सोडतात. आपल्या लवंगेत आणि मिऱ्यातही ते असते. त्या वासाच्या मागावर सूक्ष्म सूत्रकृमी येतात आणि किड्याला मारतात. २००५ साली हे प्रसिद्ध झाले, तेव्हा असेही आढळले, की युरोपातल्या अनेक मक्यांत ही हाक शिल्लक आहे; अमेरिकेतल्या बहुतेक वाणांत मात्र ती नाहीशी झाली आहे. कणसे मोजता मोजता कुणीतरी बिचाऱ्या झाडाचा आवाजच काढून घेतला, आणि तो गेल्याचे कुणाला कळलेही नाही.

आफ्रिकेत लष्करी अळी पोहोचल्यावर केनियातल्या किबोको येथे जाळीच्या घरांत पुन्हा तोच खेळ मांडला गेला. मेक्सिकोत जपलेले जुने कीडरोधी मके तिथल्या वाणांशी जुळवले आणि प्रत्येक पोंग्यात अळ्या सोडल्या. २०२० च्या डिसेंबरात तीन संकरित वाण जाहीर झाले. ह्या वाणांना शास्त्रज्ञांनी रोधक म्हटले नाही, सहनशील म्हटले. शब्दांचा व्यवसाय करणाऱ्या माझ्यासारख्याला हा काटेकोरपणा आवडला. अळी त्यांनाही खाते. पण झाड उभे राहते आणि कणीस भरते.