नावापुढे गाव लिहा

प्रवासातून परतल्यावर महिन्याभराने फोनमधली नावं चाळली की 'सुनीता' नावाच्या दोन-तीन बाया निघतात, आणि कोणती कुठल्या गाडीत भेटली ते काही केल्या आठवत नाही. म्हणून मी नावापुढे गाव लिहिते, त्यापुढे भेटीची जागा आणि साल. 'दीदी, शहडोल, पेंड्रा रोड फलाट' असं लिहून ठेवलं की माणूस हरवत नाही.

ही रीत जुनीच आहे. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या वह्या ज्यांनी पाहिल्या त्यांना ती लगेच ओळखू येईल. यात्रेला आलेल्या माणसाचं नाव, वडिलांचं, आजोबांचं नाव, कूळ, गाव, सोबत कोण आलं, हे सगळं नामावळीत उतरवलं जातं. पुढे कधी नातू गेला की गुरुजी आधी आडनाव आणि मूळ गाव विचारतात, वही काढतात आणि आजोबा कधी येऊन गेले ते वाचून दाखवतात. हरिद्वारच्या पंड्यांकडेही अशाच वह्या असतात. एकदाच भेटलेल्या माणसाचं नातं पिढ्यानपिढ्या सांभाळायची ही व्यवस्था फोनच्या कितीतरी आधीची, आणि ती उभी आहे गावाच्या नावावर. कुणाच्या घरचे असे लेख असतील तर एकदा जाऊन अवश्य पाहावेत.

आम्हा लाखनीकरांना तर गाव नीट सांगावंच लागतं. याच भंडारा जिल्ह्यात लाखांदूरही तालुकाच आहे, आणि गाडीच्या गडबडीत बाहेरच्या माणसाला दोन्ही सारखेच ऐकू येतात. म्हणून मी पत्ता पिनकोडसकट देते. 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झालेला हा पिनकोड श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखला. दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी, असे ते मराठी गृहस्थ. सहा आकड्यांतला पहिला मोठा विभाग सांगतो, शेवटचे तीन नेमकं टपाल कार्यालय. आमच्या दोन्ही गावांचे पहिले तीन आकडे 441 हेच. फरक शेवटी पडतो.

आता शहडोलच्या दीदीबद्दल. आमच्या महिला मंडळाच्या बाया अमरकंटकहून परतत होत्या. इकडून अमरकंटकला जायचं तर गोंदिया, बिलासपूर करत पेंड्रा रोडला उतरावं लागतं, येतानाही तिथूनच गाडी. दीदी त्याच फलाटावर नातीला घेऊन बसली होती. तिची गाडी उलट्या दिशेची, आणि दोघींच्याही गाड्यांना उशीर. तिने डबा उघडला तर त्यात कोदोचा भात. मी आमच्याकडच्या चिन्नोर तांदळाच्या वासाबद्दल सांगत बसले. निघताना आजी-नातीचा फोटो काढला.

प्रवासात फोटो काढला की प्रत्येक जण 'पाठवतो' म्हणतो. समोरचा माणूस ते खरं मानून वाट पाहतो, विशेषतः ज्याच्या घरी असे फोटो फारसे नाहीत तो. म्हणून आठवड्याच्या आत फोटो पाठवायचा, आणि शक्य असेल तर कागदावर काढून. मी लाखनीतल्या स्टुडिओतून दोन प्रती करून घेतल्या आणि सोबतच्या चिठ्ठीत विचारलं, कोदो शिजवताना पाणी किती घालता? माझ्या अनुभवात पहिल्या चिठ्ठीत एक साधा, खरा प्रश्न असला की उत्तर येतंच. 'कशा आहात' याला 'बऱ्या आहोत' म्हटलं की बोलणं तिथेच थांबतं. दीदीचा फोन आला तो पाण्याचं माप सांगायला, आणि मग नातीच्या शाळेपर्यंत गेला. पुढे तिने येणाऱ्याबरोबर कोदोची पिशवी धाडली, मी चिन्नोर धाडला.

समोरच्याचा हंगामही माहीत असावा. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत बाई दिवसभर चिखलात असते. तेव्हा फोन उचलला नाही म्हणून रागावणाऱ्याने धानाचं गाव पाहिलेलं नसतं. सहलीनंतर निघालेले व्हॉट्सअ‍ॅप गट मला फारसे कामाचे वाटत नाहीत. सुप्रभातच्या फुलांत ज्याच्याशी बोलायचं तोच बुडून जातो. एकट्याला, त्याच्या नावाने लिहावं. तरुण मुलींना एवढंच सांगेन की अनोळखी माणसाला घरचा पत्ता लगेच देऊ नका. आधी फोनवर माणूस कळू द्या.

या विषयावर बोलताना मला नाशिकच्या भारती ठाकूर आठवल्याशिवाय राहत नाहीत. 2005-06 मध्ये त्यांनी मैत्रिणींसोबत नर्मदेची पायी परिक्रमा केली. त्या काठावर परिक्रमावासीला सदाव्रत म्हणून डाळ-तांदूळ, पीठ देण्याची पद्धत आहे. ज्याच्या घरात स्वतःलाच पुरेसं नाही तोही देतो. अशा घरांत राहिलेला माणूस परतल्यावर आठवणी सांगतो. भारतीताईंनी त्यांवर पुस्तक लिहिलं, आणि मग नोकरी सोडून त्या परत तिकडेच गेल्या. मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यात, मंडलेश्वरजवळच्या लेपा गावात राहून त्यांनी काठावरच्या मुलांचं शिक्षण हाती घेतलं. त्यातून 'नर्मदालय' उभं राहिलं. वाटेत ज्यांनी भाकरी दिली त्यांच्या मुलांना अक्षर देणं, याहून मोठा संपर्क मला माहीत नाही. एवढं आपल्या सगळ्यांच्याने होणार नाही. पण ओळखीला काही तरी काम लागतं, हे मी त्यांच्याकडून घेतलं: बियाणं पाठवणं, नागपूरच्या दवाखान्यात येणाऱ्यासाठी सोबत शोधणं, मुलीच्या प्रवेशाची चौकशी करणं. काम असलं की फोन करायला निमित्त शोधावं लागत नाही.

आणि दुसरी भेट व्हायला हवी. शहडोलच्या दीदीला नागझिरा पाहायचा आहे. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, म्हणून तिला दिवाळीनंतर यायला सांगितलं आहे. गोंदियाला उतरून साकोलीपर्यंत एसटीने यायचं, तिथे मी घ्यायला जाईन, आणि पिटेझरीच्या फाटकातून सकाळी आत जाऊ. नातीची सुट्टी कधी लागते ते ती या आठवड्यात कळवणार आहे.