चार जपानी आणि एक ४०७
किनाऱ्यावरची चाकं : लेखांक सहावा

१९८०च्या दशकाच्या मध्यावर भारताच्या रस्त्यांवर चार जपानी टेम्पो जवळजवळ एकदमच उतरले. उत्तर प्रदेशात सूरजपूरला डीसीएम-टोयोटा, पंजाबात स्वराज-माझदा, तेव्हाच्या आंध्रात जहीराबादला ऑल्विन-निस्सान आणि मध्य प्रदेशात पीथमपूरला आयशर-मित्सुबिशी. चौघांच्या पाठीशी जगभर नावाजलेल्या कंपन्या होत्या. त्यांच्यासमोर टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९८६ साली पुण्याहून ४०७ आणला. पैज लावणाऱ्याने तेव्हा जपान्यांवरच पैसे लावले असते.

निकाल सगळ्यांना ठाऊक आहे. डीसीएम-टोयोटा पुढे डेवूच्या हाती गेली, ऑल्विन-निस्सान महिंद्रात विरून गेली. आयशर आणि स्वराज टिकल्या, कारण त्यांनी हळूहळू सगळंच इथे बनवायला घेतलं. बाजार मात्र ४०७चा झाला. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या बंदरांत मासळी, आंबा, चिरे, लग्नाचा मंडप आणि गणपतीतले चाकरमान्यांचे बोजे या गाडीने इतकी वर्षं वाहिले आहेत की ती बाहेरून आलेल्या चौघांना हरवून इथे आली, हे आता कुणाच्या ध्यानातही नाही.

मग ४०७ त्या चौघांपेक्षा चांगली होती का? माझं मत : नाही. कोरी गाडी आणि गुळगुळीत रस्ता एवढाच हिशेब धरला तर जपानी गाड्या सरस होत्या. इंजिन हलकं, गिअर सुटसुटीत, केबिन माणसाने बसावं अशी. ‘देशी टिकाऊ की परदेशी टिकाऊ’ हा प्रश्न या लेखमालेच्या वाचकांनी पुन:पुन्हा विचारला आहे. त्याचं उत्तर ४०७च्या गोष्टीत सापडतं, पण आधी ‘टिकाऊ’ म्हणजे नेमकं काय मोजायचं ते ठरवायला हवं.

मालवणात मासळीचा लिलाव आटोपला, टपांत बर्फ भरला, की वेळेची शर्यत सुरू होते. बांगडा असो की सुरमई, माल रात्रीतून घाट चढून कोल्हापूरला किंवा खाली मडगावला वेळेत पोचला तर त्याला भाव. उशिरा पोचला तर मिळेल त्या किमतीला द्यायचा. अशा धंद्यात गाडीला दोन प्रश्न विचारावे लागतात. ती किती दिवसांनी बंद पडते? आणि बंद पडली की किती वेळ बंद राहते? इंजिनिअर या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. आपण गप्पांत फक्त पहिली धरतो. अमेरिकेतली जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांच्या मालकांना विचारून दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी हे काढते, आणि टोयोटा-लेक्सस त्या यादीत वर्षानुवर्षं वरच्या भागात असतात. पण तोही पहिल्याच प्रश्नाचा हिशेब. शिवाय आपल्याकडे मालवाहू टेम्पोचं खरं आयुष्य तीन वर्षांनंतर, बऱ्याचदा दुसऱ्या मालकाच्या हाती सुरू होतं.

समजा एक गाडी वर्षातून एकदाच बंद पडते, पण तिचा सुटा भाग यायला वीस दिवस लागतात. दुसरी वर्षातून सहा वेळा पडते आणि दर वेळी अर्ध्या दिवसात उठते. पहिली वर्षाला वीस दिवस घरी, दुसरी तीन दिवस. पहिलीची कीर्ती मोठी, पण मासळीवाला दुसरीच घेईल. बंदरावरचा मालक मेस्त्रीला फोनवर सांगतो ते हेच : ‘खंय बंद पडली ता इचारू नको, सुरू कधी होतली ता सांग.’

आता पुन्हा त्या चौघांकडे. सप्टेंबर १९८५मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच बड्या देशांनी डॉलर उतरवण्याचा करार केला. तेव्हा एका डॉलरला २४०च्या आसपास येन मिळत. १९८८ उजाडता उजाडता ते सव्वाशेच्या घरात आले. म्हणजे अडीच वर्षांत जपानी माल जवळजवळ दुप्पट महाग झाला. या टेम्पोंचे बरेच भाग तेव्हा जपानहून येत होते. गाडीची किंमत चढली, आणि सुट्या भागांची त्याहून बोचरी. कणकवलीच्या दुकानात क्लच प्लेट नाही, मुंबईला ऑर्डर द्या, तिथेही नसली तर थांबा.

४०७ला हा जाच नव्हता. टेल्कोने १९५४पासून पंधरा वर्षं डाइमलर-बेन्झबरोबर ट्रक बनवले होते. सहकार्य १९६९ला संपलं, पण इंजिनाचा वंश राहिला. टाटाच्या मोठ्या ट्रकमधल्या सहा सिलिंडरच्या ६९७ इंजिनाचा बोअर ९७ मिलिमीटर आणि स्ट्रोक १२८, हे मर्सिडीजच्या एका इंजिनाचं हुबेहूब माप. ४०७मधलं चार सिलिंडरचं ४९७ याच घराण्यातलं : बोअर तोच ९७, स्ट्रोक तेवढा कमी करून १०० मिलिमीटर. हायवेवर ट्रकचं हेड उतरवणाऱ्या मेस्त्रीला हे इंजिन पहिल्यांदा उघडतानाही अर्धं ओळखीचं होतं. पाट्या जाड, त्यामुळे दोन-अडीच टनांच्या गाडीत किती भरायचं हे गाडीने ठरवायचं नाही, मालकाने ठरवायचं, असा रिवाज पडला. (तो चुकीचाच आहे. घाटात ब्रेक तापून झालेल्या अपघातांची किंमत या टिकाऊपणाच्या हिशेबात कुणी धरत नाही.)

एसटीनेही हाच धडा घेतला. १९४८ साली एसटी सुरू झाली तेव्हा तिच्या ताफ्यात शेवरोले, बेडफर्ड, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, फियाट अशा दहा मेकच्या गाड्या होत्या. त्यांतली एखादी गाडी उत्तम असेलही, पण दहा प्रकारचे सुटे भाग, दहा प्रकारचे पाने आणि दहा प्रकारचं शिक्षण एका आगाराला झेपत नाही. कणकवलीला मुख्य ठिकाण असलेल्या सिंधुदुर्ग विभागात पुढची कित्येक दशकं टाटा आणि लेलँड एवढीच दोन नावं राहिली, ती ‘देशी’ म्हणून नव्हे. लेलँड तर नावाने इंग्लंडचीच.

आणि देशी म्हणजे तरी काय? महिंद्राची जुनी जीप घ्या. अंग विलिसचं, म्हणजे अमेरिकेचं. त्यात पुढे बसलं ते डिझेल इंजिन फ्रान्सच्या प्यूजोचं, बनलं इगतपुरीला. पुण्याच्या फिरोदियांचा टेम्पो जर्मन परवान्यावरचा. कुर्ल्याची पद्मिनी इटलीची. महिंद्रा आणि रेनॉ यांनी मिळून २००७ साली नाशिकहून ‘लोगान’ आणली. भागीदारी तुटल्यावर २०११मध्ये तीच गाडी ‘व्हेरिटो’ झाली. म्हणजे एक गाडी कारखान्याचं दार न ओलांडता परदेशीची देशी झाली. त्या दिवशी तिचा टिकाऊपणा वाढला की घटला?

याहून बोलकं उदाहरण फियाटच्या १.३ लिटर मल्टीजेट डिझेलचं. ते पुण्याजवळ रांजणगावला बनायचं, आणि मारुती तेच परवान्यावर मानेसरला बनवायची. मारुतीने ते स्विफ्टमध्ये घातलं, टाटाने इंडिका व्हिस्टात, फियाटने आपल्या पुंटोत. तीन बिल्ले, मुळात इंजिन एक. तरी गिऱ्हाईक म्हणणार : स्विफ्ट म्हणजे डोळे मिटून घ्या, व्हिस्टा बघून घ्या, पुंटो नको. इंजिन इटलीचं, भीतीही इटलीच्याच गाडीची! कारण उघड आहे. मारुतीची सेवा तालुक्याच्या गावी, फियाटची कुठेतरी शहरात. सांगाडा, वायरिंग, जोडणी यांत फरक होते हे खरं, पण एवढे नव्हेत. अमेरिकेतही हेच घडलं. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटच्या कारखान्यात जनरल मोटर्स आणि टोयोटा एकाच लायनीवर तीच गाडी बनवत. टोयोटाच्या नावाची कोरोला जुनी झाल्यावरही भाव धरून राही, जनरल मोटर्सच्या नावाची प्रिझ्म घसरे. आज बलेनो आणि ग्लान्झा शेजारी उभ्या करून हा प्रयोग तुम्हालाही करता येईल.

आतापर्यंत बिल्ल्याची बाजू झाली. पण आपल्या किनाऱ्यावर एक परीक्षक असा आहे, जो बिल्ला वाचत नाही : खारा वारा.

समुद्रावरून येणाऱ्या बारीक तुषारांतलं मीठ पत्र्यावर बसतं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसलेल्या जानेवारीच्या रात्रीसुद्धा किनाऱ्यावर उभी असलेली गाडी आपल्याला कोरडी दिसते आणि पत्रा ओला असतो. लोखंड, ओल आणि मीठ एकत्र आले की गंज चढायला वेगळं निमित्त लागत नाही. किनाऱ्यापासून जसजसं आत जावं तसतसं हवेतलं मीठ झपाट्याने उतरतं. म्हणून तारकर्लीत आणि ओरोसला एकाच दिवशी आलेल्या दोन सारख्या गाड्या काही वर्षांनी सारख्या दिसत नाहीत. मासळीच्या टेम्पोचा भोग तर दुहेरी. वितळलेल्या बर्फाचं खारट पाणी हौद्यातून गळतं आणि चासीच्या क्रॉस मेंबरवर, पाट्यांच्या फटींत, ब्रेकच्या पाइपांवर मुरतं. वर लाल मातीचा लेप बसतो आणि तो ओल धरून ठेवतो. पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइल मारण्याची पद्धत त्यातूनच आली. तिने काम होतं, पण ते ऑइल पावसात धुपून विहिरीच्या दिशेने जातं, आणि रबराच्या बुशांनाही ते मानवत नाही. गोड्या पाण्याने खालून नियमित धुणं जास्त उपयोगाचं, पण त्याचा कंटाळा असतो.

इथे परदेशी बिल्ला वाचवतो का? काही बाबतींत हो. ऑडीने १९८५ साली ‘१००’ या मॉडेलचं संपूर्ण अंग जस्त चढवलेल्या पत्र्याचं केलं, तेव्हा आपल्याकडच्या गाड्यांना ते स्वप्न होतं. पण टिकाऊपणाची शपथ जिच्या नावाने घेतात त्या टोयोटाची कथा ऐका. अमेरिकेत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने १९९५ ते २०००च्या टॅकोमा पिकअपच्या चासी अशा सडल्या की २००८मध्ये कंपनीला वॉरंटी १५ वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि सडलेल्या गाड्या मालकांकडून परत विकत घ्याव्या लागल्या. इंजिन ठणठणीत, खालचा सांगाडा बिस्किटासारखा. आपल्या एसटीचंही बघा : पूर्वी बॉडी ॲल्युमिनियमची असे, जी गंजत नाही, २०१७-१८च्या सुमारास अपघातात प्रवासी वाचावेत म्हणून पोलादी बॉडीकडे वळणं झालं. निर्णय योग्यच, पण किनाऱ्यावरच्या आगारांना गंज सांभाळण्याचं काम वाढलं.

मिठाचा नवा घास मात्र पत्रा नसून वायरिंग आहे. एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं. टेम्पोच्या डिझेल इंजिनावर आता सेन्सर, धूर गाळणारा फिल्टर, कुठे युरियाची टाकी. जोडाजोडाला कनेक्टर, आणि कनेक्टरच्या पिनेवर हिरवट थर चढला की गाडीला भलताच संदेश जातो, ताकद कापली जाते, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. ४०७ बंद पडली की मेस्त्री नोझल काढून फुंकायचा, पंपाची हवा काढायचा. आता आधी स्कॅनर लावावा लागतो, तो नसेल तर गाडी ओढून न्यावी लागते. यात देशी-परदेशी भेद उरलेला नाही, कारण पंप, इंजेक्टर, सेन्सर बनवणारे बॉशसारखे मोजकेच कारखाने सगळ्यांना माल पुरवतात. ज्या दुसऱ्या प्रश्नावर ४०७ जिंकली होती, त्याच प्रश्नावर आज सगळ्या गाड्या सारख्याच अडतात. म्हणून नव्या टेम्पोच्या गिऱ्हाइकाने शोरूममध्ये एव्हरेज विचारण्याआधी विचारावं : स्कॅनर असलेला माणूस सर्वांत जवळ कुठे आहे, आणि रविवारी येतो का?

मग घ्यावं काय? पर्यटकांची ने-आण करायची असेल तर मी जपानी वंशाच्या गाडीकडे झुकेन, मग ती टोयोटा असो की मारुती. तिथे बंद पडण्याचं प्रमाणच कमी आहे आणि सेवा कुडाळ-कणकवलीपर्यंत पोचली आहे. माल वाहायचा असेल तर ज्या गाडीचे भाग हायवेवरच्या तिसऱ्या दुकानात मिळतात ती. जी कंपनी देश सोडून जाण्याची कुजबुज आहे तिची गाडी कितीही चांगली असली तरी नको. शेवरोलेने २०१७ अखेर विक्री थांबवली आणि फोर्डने २०२१मध्ये निरोप घेतला, तेव्हा त्यांच्या गाड्या रातोरात बिघडल्या नव्हत्या, पण जुन्या बाजारात भाव कोसळायचा तो कोसळलाच. आणि जुनी गाडी घेत असाल तर किलोमीटरचा आकडा नंतर वाचा. आधी टॉर्च घेऊन खाली झोपा, मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ स्क्रूड्रायव्हर टोचा आणि ब्रेकचे पाइप बोटाने चाचपा. ताजा काळा रंग मारलेली चासी दिसली तर दोनदा टोचा.

पुढल्या आठवड्यात हीच चर्चा पाण्यात नेऊ : ट्रकसाठी नाव कमावलेल्या लेलँडचं इंजिन ट्रॉलरवर कसं बसतं आणि खाऱ्या पाण्याने इंजिन थंड ठेवायची युक्ती काय असते.