फोन तापतो कशाने? धातू, काच आणि प्लास्टिकचा हिशेब

एप्रिल-मे हे कापडवाल्यांचे कमाईचे महिने. लग्नाचे बस्ते याच दिवसांत निघतात, आणि नेमक्या याच दिवसांत आमच्या ढोकी परिसरात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या छपराखालील दुकानात दुपारी दोनच्या सुमारास काय अवस्था होते, हे वाचक बंधूंना सांगण्याची गरज नाही. अशा वेळी सुरतच्या किंवा सोलापूरच्या व्यापाऱ्याने पाठविलेला मालाचा फोटो गिऱ्हाइकाला दाखवावा, तर फोनचा पडदा आपोआप मंद होतो. मोतिया कोणता आणि फिकट पिवळा कोणता, हेच कळेनासे होते. सौदा रंगावर अडतो आणि गिऱ्हाईक "उद्या येतो" म्हणून उठते.

पूर्वी फोन बोलण्यापुरता होता. आज तोच गल्ला, तीच उधारीची वही आणि तेच नमुन्यांचे पुस्तक झाले आहे. म्हणून फोन तापतो कशाने आणि त्याचे अंग कोणत्या मालाचे असावे, हा प्रश्न शौकिनांपुरता राहिलेला नाही. तो आता दुकानदारीचाही आहे.

फोनमध्ये नखाएवढी एक चिप असते. सारा हिशेब तीच करते आणि काम करताना तापते. चार्जिंगच्या वेळी बॅटरीही तापते. ही उष्णता बाहेर पडली नाही तर फोन स्वतःला वाचविण्यासाठी आधी वेग कमी करतो, मग पडदा मंद करतो, शेवटी चार्जिंग थांबवितो. याला बिघाड समजू नये, ही त्याची राखण आहे. ॲपल कंपनी आपला आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस हवेत वापरावा असे सांगते. म्हणजे आमच्या उन्हाळ्यातील बहुतेक दुपारी या मर्यादेच्या बाहेर आहेत! मराठवाड्यातील गिऱ्हाइकाला फोन विकताना ही गोष्ट कोणी सांगत नाही.

आता थंड करण्याची व्यवस्था पाहू. साध्या फोनमध्ये चिपच्या आसपास ग्रॅफाइटचा काळा, कागदासारखा पातळ पत्रा चिकटविलेला असतो. तो एका जागची उष्णता आजूबाजूला पसरवितो. त्याच्या वरची पायरी तांब्याच्या नळीची. सॅमसंगने २०१६ च्या गॅलक्सी एस ७ मध्ये अशी नळी बसविली होती. त्याहून पुढची व्यवस्था म्हणजे 'व्हेपर चेंबर', सोप्या भाषेत वाफेची चपटी डबी.

ही डबी समजून घ्यायची असेल तर दम दिलेली देग डोळ्यांसमोर आणावी. झाकणाला कणीक लावून तोंड बंद केले की वाफ बाहेर जात नाही. ती झाकणाला लागते, थेंब होते आणि पुन्हा खाली येते. व्हेपर चेंबरमध्ये बहुधा तांब्याचे दोन पातळ पत्रे कडेने जोडून, आतली हवा काढून, पाण्याचे चार थेंब ठेवलेले असतात. हवा नसल्यामुळे पाणी थोड्या उष्णतेवरही वाफ होते. चिपजवळ झालेली वाफ डबीच्या गार बाजूला जाते, तेथे पुन्हा पाणी होते आणि आतल्या बारीक जाळीतून परत येते. कंदिलाच्या वातीतून रॉकेल वर चढते, तीच ही रीत. पंप नाही, आवाज नाही. काही खेळाच्या फोनमध्ये मात्र खराखुरा पंखा असतो. रेड मॅजिक ३ या फोनमध्ये तो २०१९ साली आला. आमच्या धुळीत असा पंखा किती दिवस टिकेल, याची आम्हास शंका वाटते.

परंतु एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. यापैकी कोणतीही व्यवस्था उष्णता नाहीशी करीत नाही, फक्त पसरविते. शेवटी ती फोनच्या अंगावाटे बाहेरच्या हवेतच जायची असते. तेव्हा हाताला गरम लागणारा फोन वाईट आणि गार लागणारा चांगला, हा समज बरोबर नाही. प्लास्टिकच्या पाठीचा फोन हाताला गार लागू शकतो, कारण उष्णता आतच कोंडलेली असते.

येथेच फोनच्या अंगाचा प्रश्न येतो. तांब्या-पितळेचे काम करणाऱ्या कारागिरांना हे आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. तांबे उष्णता फार झपाट्याने नेते, ॲल्युमिनियम साधारण त्याच्या निम्म्याने. काच आणि प्लास्टिक फार मागे. मग धातूची पाठ सोडून काच का आली? तर बिनवायरचे चार्जिंग धातूच्या पाठीतून होत नाही. आयफोन ८ ला २०१७ मध्ये काचेची पाठ आली ती या सोयीसाठी. सोय झाली, पण फुटण्याची धास्तीही पदरी आली.

टायटॅनियमचा किस्सा तर व्यापाऱ्याने जरूर ऐकावा. २०२३ च्या आयफोन १५ प्रो ला टायटॅनियमची चौकट आली आणि तिचा मोठा गाजावाजा झाला. फोन तापतो अशा तक्रारी आल्या, तेव्हा कंपनीने सॉफ्टवेअरमधील दोष हे कारण सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये दुरुस्ती पाठविली. ते खरे मानले तरी टायटॅनियम उष्णता नेण्यात फारच मंद, हे धातुशास्त्रातले जुने सत्य आहे. ॲल्युमिनियम त्याच्या सुमारे वीस पट उष्णता नेते. सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन १७ प्रो आला तो पुन्हा ॲल्युमिनियमच्या अंगाचा, आत व्हेपर चेंबर घेऊन! भारी किमतीचे नाव म्हणजे कामाचा माल नव्हे, हे कापडात आम्ही रोज पाहतो.

फार पातळ अंगाचेही तसेच आहे. २०१४ मध्ये आयफोन ६ खिशात वाकल्याच्या तक्रारी जगभर गाजल्या. २०१६ च्या गॅलक्सी नोट ७ ला आगी लागल्या, त्याच्या तपासात पहिल्या खेपेच्या बॅटरीला कोपऱ्यात पुरेशी जागा न ठेवल्याचे निघाले.

मोबाईल दुरुस्तीचा धंदा करणाऱ्या तरुणांना आमची खास विनंती आहे. पाठ उघडताना ग्रॅफाइटचा पत्रा फाटला, तर तो 'काळा कागद' समजून फेकू नये; नवा बसवावा. कडेची चिकटपट्टीही नवी लावावी. पाणी-धुळीपासून बचावाचा 'आयपी ६८' हा दर्जा नव्या, न उघडलेल्या फोनला तपासून दिलेला असतो. जुन्या चिकटपट्टीवर पाठ दाबून दिलेल्या फोनला तो लागू नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

दुकानदारांनी फोन गादीवर किंवा कापडाच्या घडीवर ठेवून चार्ज करू नये. सुती कापड उष्णता अडविते, म्हणून तर आपण गोधडी पांघरतो. शिंपी बांधवांनी तो इस्त्रीच्या टेबलापासून दूर ठेवावा. चार्जिंगच्या वेळी जाड कव्हर काढावे, आणि शक्यतो सकाळच्या गारव्यात चार्जिंग उरकावे. तापलेला फोन फ्रीजमध्ये मात्र कधीही ठेवू नये, आत दव धरते.

जुना फोन घेताना तो काचेच्या काउंटरवर पाठीवर ठेवून बोटाने हलवून पाहावा. डुलला आणि कॅमेऱ्याचा उंचवटा त्याचे कारण नसेल, तर चौकट वाकलेली किंवा बॅटरी फुगलेली समजावी. पडदा वा पाठ कडेला उचललेली दिसली तर ती दाबून बसविण्याच्या भानगडीत पडू नये. फुगलेली बॅटरी दाबल्याने पेट घेऊ शकते. असा फोन निम्म्या किमतीत मिळाला तरी परत करावा.