मेदाचा निरोप

शरीरातील मेद म्हणजे उपासाच्या दिवसांसाठी भरून ठेवलेले कोठार, अशी पूर्वी समजूत होती. अन्न अधिक मिळाले की कोठार भरते, कमी पडले की रिते होते, एवढेच मेदाचे कार्य मानले जाई. परंतु कोठार भरल्याची वार्ता खाणाऱ्यास कशी कळते? या प्रश्नाचे उत्तर उंदरांवरील प्रयोगांतून मिळाले.

अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ साली काही अतिशय लठ्ठ उंदीर आढळले. त्यांचे वजन सामान्य उंदराच्या तिपटीपर्यंत जाई. हा दोष आनुवंशिक होता; आई व बाप या दोघांकडून सदोष जनुक आलेल्या पिलांतच तो प्रकट होई. लठ्ठ आणि मधुमेही अशा दुसऱ्या एका वंशाचे वर्णन १९६६ साली त्याच संस्थेतून प्रसिद्ध झाले.

तेथील शास्त्रज्ञ डग्लस कोलमन यांनी दोन उंदरांची शरीरे शस्त्रक्रियेने जोडून एकाचे रक्त दुसऱ्यात पोचेल अशी योजना केली. मधुमेही उंदराशी जोडलेला निरोगी उंदीर अन्न समोर असूनही खाईनासा झाला आणि उपासमारीने मेला. पहिल्या वंशातील लठ्ठ उंदराचीही तीच गत झाली. मधुमेही जोडीदार मात्र पूर्ववत खातच राहिला. यावरून कोलमन यांनी अनुमान केले की, भूक आवरणारे काही द्रव्य रक्तातून वाहत असले पाहिजे. पहिल्या वंशात ते निर्माणच होत नाही. दुसऱ्यात ते विपुल असते, पण शरीर त्यास दाद देत नाही. एका घरी पत्र लिहिणारा नाही, दुसऱ्या घरी ते वाचणारा नाही!

१९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनी ते जनुक शोधून काढले. त्याच्या आज्ञेने मुख्यतः मेदपेशीच एक संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे दूरच्या अवयवास संदेश देणारे द्रव्य, तयार करतात. ‘कृश’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास ‘लेप्टिन’ हे नाव मिळाले. मेद साठविण्यास इन्शुलिन हे संप्रेरक साहाय्य करते. साठा किती झाला, हे लेप्टिन मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागास कळविते. १९९५ साली लेप्टिन टोचल्यावर पहिल्या वंशातील उंदरांचे खाणे व वजन घटले. मधुमेही वंशावर काहीच परिणाम झाला नाही. कोलमन यांचे अनुमान खरे ठरले.

जन्मतः लेप्टिन नसलेली काही मुलेही पुढे आढळली. त्यांची भूक कधीच शमत नसे. लेप्टिन दिल्यावर ती आटोक्यात आली. अशी उदाहरणे विरळा आहेत. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते, परंतु त्याचा परिणाम मंदावलेला असतो. म्हणून हे सर्वांसाठी औषध ठरले नाही. तथापि लठ्ठ मनुष्यास केवळ खादाड म्हणून हिणविणे किती अन्यायाचे आहे, हे या उंदरांनी दाखवून दिले. भुकेची सूत्रे केवळ इच्छेच्या हाती नसतात.