पादपरिचर्येतील निर्जंतुकता

नखे कापणे, घट्टे काढणे, पाय धुऊन कोरडे करणे ही कामे इतकी नित्याची आहेत, की त्यांत शास्त्रीय विचारास वाव तो काय, असे प्रथमदर्शनी वाटावे. परंतु अशी परिचर्या ज्यांना लागते त्यांत वृद्ध व मधुमेही रुग्ण पुष्कळ असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्नाचे स्वरूप पालटते. दीर्घकालीन मधुमेहात पायांची संवेदना मंदावते व रक्तपुरवठाही उणावतो. अशा पायास झालेली जखम दुखत नाही आणि लवकर भरूनही येत नाही. कुष्ठरुग्णांच्या पायांवरील व्रण मुख्यतः संवेदनानाशामुळे लक्षात न आलेल्या इजांतून उद्भवतात, हे डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथील कार्यातून दाखवून दिले; तोच न्याय येथेही लागू पडतो. वेदनेची सूचना जेथे मिळत नाही, तेथे तिचे काम परिचारिकेच्या दक्षतेने करावयाचे असते.

या दक्षतेचा गाभा उपकरणांच्या शुद्धीत आहे. स्पिरिटाच्या बोळ्याने पुसलेली नखकात्री निर्जंतुक झाली, असे मानणे चूक होय. स्पिरिटाने जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत. ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू तर वाळलेल्या रक्तात निदान ७ दिवस तग धरतो. म्हणून उपकरण प्रथम साबणपाण्याने व ब्रशाने घासून धुवावे, कारण मळाच्या थराखाली जंतू सुरक्षित राहतात. नंतर ते ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस तापमानाच्या वाफेत किमान १५ मिनिटे ठेवावे. गुंडाळलेल्या उपकरणांस अधिक वेळ लागतो. खरखरीत कागदी कानस अशी शुद्ध करता येत नाही, सबब ती एका रुग्णापुरतीच वापरावी. वापरलेले पाते भारतातील २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पांढऱ्या, अभेद्य पात्रात टाकावयाचे असते.

हातमोजे हा हात धुण्यास पर्याय नव्हे. ते घालण्यापूर्वी व काढल्यावर साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवावेत. बुरशी लागलेले नख घासताना उडणारी धूळ श्वासावाटे आत जाते, याकरिता मुखपट्टी व चष्मा आवश्यक आहे.

अखेर एक मर्यादा सांगितली पाहिजे. व्रण, काळवंडलेली त्वचा किंवा अकस्मात थंड पडलेला पाय आढळल्यास हत्यार खाली ठेवून रुग्णास तत्काळ वैद्याकडे पाठवावे. कोठे थांबावयाचे हे जाणणे हाही परिचर्येचाच भाग होय.