दिंडीच्या ट्रकातली गॅसची टाकी



ज्येष्ठ लागला की गावात दिंडीची जमवाजमव सुरू होते. कुणी शिध्याची यादी करतं, कुणी राहुट्यांच्या दोऱ्या तपासतं, ट्रकचं भाडं ठरतं. गटातल्या पाच-सहा जणी स्वयंपाकाला म्हणून निघतात. चालणारी माणसं तळावर पोचायच्या आत पिठलं-भाकरी तयार पाहिजे, म्हणून या बाया सामानाच्या ट्रकात बसून पुढे जातात. ट्रकात पिठाची पोती, पातेली, वळकट्या, राहुट्या, आणि त्यांच्याच मध्ये गॅसच्या तीन-चार टाक्या. वरून ताडपत्री. त्या टाक्यांविषयी आज बोलायचं आहे.

मी सात वर्षं अशा ट्रकातून गेले. तिसऱ्या वर्षीची गोष्ट. सासवडच्या मुक्कामाला जाताना घाटात पाऊस लागला, म्हणून ताडपत्री चारही बाजूंनी खाली ओढून बांधली. आत आम्ही सहा जणी. एक म्हणाली, कसला तरी कुजका वास येतोय. आम्हाला वाटलं, कांदा नासला. पोत्यात हात घालून आम्ही कांदे चाचपत बसलो! थोड्या वेळानं खाली वळकटीवर आडव्या झालेल्या मावशी म्हणाल्या, माझं डोकं गरगरतंय. पोत्यांवर उंच बसलेल्या आम्हाला काहीच होत नव्हतं. मग बघितलं, तर एक टाकी आडवी पडलेली, रेग्युलेटर तसाच लावलेला, त्याची कळ धक्क्यानं फिरलेली आणि नळी शेगडीतून निसटलेली. पुढं केबिनमध्ये ड्रायव्हरदादांच्या हातात पेटती विडी. आम्ही फळीवर थापा मारमारून गाडी थांबवली, ताडपत्री सोडली आणि भर पावसात रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. कुणाला काही झालं नाही.

आडव्या झालेल्या मावशींनाच का गरगरलं, हे त्या दिवशी मला कळलं नव्हतं. नंतर विचारून घेतलं. सगळी मेख तिथंच आहे.

आपल्या टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन हे दोन वायू मिसळलेले असतात. दाबाखाली ते पाण्यासारखे पातळ होऊन राहतात. टाकी हलवली की आत डुचमळतं, ते हेच. बाहेर पडलं की त्याचा वायू होतो, आणि एका वाटीचा सुमारे अडीचशे वाट्या होतो. हा वायू हवेपेक्षा जड, दीडपट ते दुप्पट. धूर वर जातो, हा खाली बसतो. पाणी जसं उताराकडं जातं आणि खड्ड्यात साठतं, तसाच हा जमिनीलगत सरपटत जातो आणि खोलगट जागा बघून साठतो.

आता ट्रकचा हौदा डोळ्यांपुढं आणा. चारही बाजूंनी फळ्या, तळ बंद. हौदा म्हणजे एक मोठी परातच. गळलेला गॅस तिच्यात पाण्यासारखा भरत जातो आणि आपण बाया त्याच परातीत बसलेल्या असतो. घरी स्वयंपाकघराला खालून दाराची फट असते, मोरी असते, काही ना काही वाट असते. ताडपत्री ओढलेल्या हौद्यात वाटच नाही.

आणि गॅस किती लागतो? हवेच्या शंभर भागांत दोन भाग गॅस मिसळला की ती हवा पेट घेण्याजोगी होते. वीस फूट लांब, सात फूट रुंद आणि सहा फूट उंच असा झाकलेला हौदा धरला, तर साधारण एक किलो गॅसमध्ये तो सबंध हौदा पेटण्याजोगा होतो. घरगुती टाकीत १४.२ किलो असतो. शिवाय तो खालीच साठतो, म्हणून तळाला त्याहून थोडाही पुरे. काडीच लागते असं नाही. विडी, देवापुढची उदबत्ती, बॅटरीला मोबाइल जोडताना उडणारी ठिणगी, काहीही चालतं.

माणसं झोपतात-बसतात त्या बंद डब्यात टाकी नेल्यानं काय होतं, ते मदुराईला दिसलं. २६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातून आलेल्या यात्रेकरूंचा रेल्वेचा डबा तिथं उभा होता. आत चोरून आणलेली गॅसची टाकी होती. सकाळच्या चहापाण्यासाठी गॅस पेटवला आणि डब्याला आग लागली. नऊ माणसं गेली. तीही देवदर्शनालाच निघालेली, आपल्यासारखीच. रेल्वेत टाकी नेणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एसटीतही पेट घेणाऱ्या वस्तू न्यायला मनाई आहे. छोटी पाच किलोची टाकी पिशवीत बसते, कोण बघतंय, असं म्हणणाऱ्या पुष्कळ जणी मला भेटल्यात. बघतंय कोण हा प्रश्नच नाही, बाई. बंद डबा तो बंद डबा.

तेव्हा पहिली गोष्ट ठरवून टाका. टाक्या ज्या गाडीत, त्या हौद्यात माणसं नाहीत. दिंडीबरोबर पाण्याची किंवा सामानाची दुसरी छोटी उघडी गाडी असतेच, टाक्या तिच्यात द्या. ते जमतच नसेल, तर टाक्या फाळक्याजवळ अगदी मागं ठेवा, मागची ताडपत्री उघडी राहू द्या, आणि बायांना बसायची सोय दुसरीकडे करा. दिंडीप्रमुखांना हे सांगायला लाजू नका. भाडं वाढेल म्हणून कुरकुर होईल, होऊ द्या.

टाकी चढवण्याआधी रेग्युलेटर काढायचा. नुसती कळ बंद करून भागत नाही, आमची कळ धक्क्यानंच फिरली होती. रेग्युलेटर काढला की टाकीच्या तोंडावर प्लास्टिकची टोपी दाबून बसवायची. ही टोपी दोऱ्यानं टाकीलाच बांधलेली येते आणि आपण पहिल्याच दिवशी दोरा तोडून ती फेकून देतो. घरी एक वेळ चालून जाईल, प्रवासात नाही. तोंडातला रबरी वायसर झिजला असेल तर गॅस हळूहळू बाहेर येतो, तेव्हा ही टोपीच तो अडवते.

टाकी नेहमी उभी, आणि दोरीनं हौद्याच्या कडीला घट्ट बांधलेली. दोन टाक्यांच्या मध्ये पोतं घाला म्हणजे एकमेकींवर आपटणार नाहीत. आडवी का नको? उभ्या टाकीत वरच्या बाजूला वायू असतो आणि खाली पातळ गॅस. आडवी केली की पातळ गॅस तोंडाशी येतो. मग गळती झाली तर वायू नाही, पातळ गॅसच गळतो, आणि एका वाटीच्या अडीचशे वाट्या होतात हे आता आपल्याला माहीत आहे. जनरेटरच्या डिझेलचा कॅन टाक्यांच्या शेजारी ठेवू नका.

टाकी घेताना वरच्या गोल कड्याच्या आतल्या पट्टीवर बघा. ए, बी, सी, डी यांतलं एक अक्षर आणि पुढं दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. आकडे सालाचे. सी २८ असेल तर त्या टाकीची तपासणी सप्टेंबर २०२८ पर्यंत व्हायला हवी. मुदत उलटलेली टाकी घ्यायची नाही, बदलून मागायची. नारंगी नळीवरही साल छापलेलं असतं, पाच वर्षांनी ती बदलायची. बाजारात मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत गॅस भरून देणारे बसलेले असतात, त्यांच्याकडे जाऊ नका. ते बेकायदेशीर तर आहेच, पण छोटी टाकी काठोकाठ भरली जाते हा खरा धोका. उन्हानं आतला पातळ गॅस फुगतो, त्याला जागा लागते. कंपनी म्हणूनच टाकी पूर्ण भरत नाही. पाच किलोची भरलेली टाकी ओळखपत्र दाखवून गॅस एजन्सीत रीतसर मिळते.

आता तळावरचं. इथं सगळ्यात जास्त चुका होतात, कारण घाई असते. दोनशे माणसांचा भात शिजवायचा, मोठी भट्टी लावलेली, पाऊस आणि गार वारा. अर्धा तास झाला की जाळ मंदावतो. टाकीला हात लावावा तर बर्फासारखी गार, खालच्या भागावर दव, कधी पांढरं हिवही धरतं. लगेच कुणीतरी म्हणतं, गॅस संपत आला, टाकी आडवी करा. दुसरी म्हणते, परातीत कढत पाणी घालून तिच्यात उभी करा.

हे गार होणं म्हणजे काय? मातीच्या डेऱ्यातलं पाणी बाहेर झिरपून वाळतं आणि आतलं पाणी गार होतं, तसंच हे. पातळ गॅसचा वायू व्हायला ऊब लागते, ती तो टाकीच्याच अंगातून घेतो. भट्टी जेवढी मोठी, तेवढा गॅस भराभर ओढला जातो आणि टाकी तेवढी गारठते. म्हणजे गॅस संपलेला नसतो, टाकी दमलेली असते. आडवी केली तर पातळ गॅस नळीतून थेट भट्टीत येतो आणि जाळाचा लोळ उठतो. समोर वाकून पातेलं ढवळणारी बाई असते, पदर सुटलेला असतो. कढत पाण्यानं किंवा टाकीजवळ जाळ केल्यानं आतला दाब भलताच वाढतो. उपाय साधा आहे. भट्टी बंद करा, टाकी बदला, दमलेली बाजूला ठेवा. तासाभरात ती पुन्हा चालते. मोठ्या भट्टीला १९ किलोची व्यापारी टाकी आणि तिचा जास्त दाबाचा रेग्युलेटर असतो. तो रेग्युलेटर घरच्या शेगडीला लावू नका, घरचा भट्टीला लावू नका.

भट्टी राहुटीच्या बाहेर, किंवा तीन बाजू उघड्या असलेल्या छपराखाली. टाकी भट्टीपासून नळी पुरेल तेवढी लांब. रात्री ऊब यावी म्हणून बंद राहुटीत शेगडी पेटती ठेवून झोपायचं नाही. कोंडलेल्या जागेत जळणातून विषारी वायू होतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बहिणींनी पाचटाच्या कोपीतही एवढं पाळावंच.

रोज जोडणी केली की साबणाच्या फेसाचं बोट टाकीच्या तोंडाशी आणि नळीच्या दोन्ही टोकांना फिरवा. बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून बघायची नाही. काही जणी बघतात, म्हणून सांगते.

वास आला तर? गॅसला स्वतःचा वास नसतो, कळावं म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. तो आला की गाडी मोकळ्या जागी थांबवून बंद करायची, उभी असेल तर सुरू करायची नाही. टॉर्च, मोबाइल, पंखा काहीही चालू-बंद करायचं नाही. ताडपत्री सोडायची, फाळका पाडायचा, सगळ्यांनी उतरायचं आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला जायचं. चरीत किंवा नाल्यात उतरायचं नाही, गॅस तिकडेच जातो. लांब गेल्यावर १९०६ ला फोन लावा, गॅसगळतीचा हा नंबर दिवसरात्र चालू असतो. आग लागलीच तर ११२, ॲम्ब्युलन्सला १०८.

नळीच्या टोकाशी छोटा जाळ दिसला आणि टाकीपर्यंत हात सुखरूप पोचत असेल, तर कळ बंद करा, वर ओलं पोतं टाका. पोचत नसेल तर टाकीशी झटू नका, माणसं लांब न्या. अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तर पळू नका, जमिनीवर लोळा. दुसरीनं घोंगडी गुंडाळावी. नायलॉनची चादर नको, ती वितळून कातडीला चिकटते. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं गार पाणी ओतत राहा. बर्फ, हळद, तूप, टूथपेस्ट, शाई, यातलं काही लावू नका. बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आत काढा. चिकटलेलं लुगडं ओढून काढू नका.

परतीच्या वाटेवर टाक्या रिकाम्या म्हणून कुणी लक्ष देत नाही, त्यांच्यावरच पाय पसरून झोपतात. रिकाम्या टाकीतही थोडा गॅस राहतोच. तिलाही टोपी, तिलाही दोरी, तीही उभी. टोप्या हरवतात, म्हणून आम्ही आता चार-पाच जास्तीच्या टोप्या एका दोऱ्यात ओवून मिठाच्या डब्याच्या कडीला बांधून ठेवतो. मिठाचा डबा दिवसातून दोनदा तरी हातात येतोच.