नियम बदलले कीं निवड बदलते

संगणकावर नगर वसविण्याचे जे खेळ मुलें आवडीनें खेळतात, त्यांचे नियम बुद्धिबळाप्रमाणें स्थिर नसतात. खेळ विकल्यावरही कर्ते ते बदलीत राहतात. २०१३ सालीं निघालेला ‘सिमसिटी’ आंतरजालाच्या जोडणीवांचून चालत नसे. मार्च २०१४ मध्यें ती अट उठली. तेव्हांपासून खेळाडूस आपलें नगर घरच्या यंत्रांत जपून, त्यावर भूकंप आणून पाहून, पुन्हां पूर्वस्थितीस नेतां येऊं लागलें. साहजिकच धाडस वाढलें. उलट ‘सिटीज: स्कायलाइन्स २’ मध्यें नगरास सरकारी अनुदान मिळत असे, जून २०२४ मध्यें तें बंद झालें. मग आधीं रस्ता कीं शाळा, कर वाढवावा कीं खर्च आवरावा, हें ठरविणें प्राप्त झालें.

आपल्या कन्हान नदीचें पाणी नागपूरकर पितात. खऱ्या नगरांतील अशी निवड खेळासारखी सहज पुसतां येत नाहीं. म्हणून पालकांनीं ‘किती वेळ खेळलास?’ एवढेंच न विचारतां ‘हेंच आधीं कां बांधलेंस?’ असेंही विचारावें. ‘नियमच तसा आहे’ असें उत्तर आल्यास ती निवड मुलाची नसून खेळाच्या कर्त्याची आहे, असें आम्ही समजतों.